राजर्षी शाहूंची तालीम

(राजर्षी शाहू महाराज हे कोल्हापूर संस्थानाचे राजे होते. शिक्षण आणि सामाजिक समता यांसाठी त्यांनी केलेले कार्य सर्वांना माहीत आहे. शाळेच्या वर्गाबाहेर मुले जे शिकतात, त्यासाठी महाराजांनी काय केले याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ‘तालीम’ हा शब्द तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. तालीम अर्धवट सोडू नकोस, असे घरातील मोठी माणसे तुम्हांला नेहमी बजावतात. हाच शब्द मराठीतही आहे. पण त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. कोल्हापुरात एखाद्याला तालीम कोठे आहे असे विचारून पाहा. तो तुम्हांला शाळेकडे नेणार नाही. तो तुम्हांला एखाद्या जुन्या इमारतीत नेईल आणि लाल मातीचा हौदा दाखवील. तेथे लंगोट लावलेली मुले कुस्ती खेळत असतील. मराठीत तालीम म्हणजे आखाडा.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की नाटकात भाग घेतलेली मुले शाळा सुटल्यावर थांबतात. आपापली वाक्ये पाठ करतात, चुकतात, पुन्हा म्हणतात. त्यालाही मराठीत नाटकाची तालीम म्हणतात.

एकाच शब्दाचे हे तीन अर्थ. पहिली तालीम पुस्तकाची, दुसरी शरीराची आणि तिसरी कलेची. आपल्याकडे बऱ्याच घरांत पहिली तालीम तेवढी खरी मानतात. उरलेल्या दोन म्हणजे वेळ फुकट घालवणे, असा समज असतो. मैदानावर रेंगाळलेला मुलगा आणि वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीमुळे उशिरा घरी आलेली मुलगी, दोघेही बोलणी खातात. पण सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात एक राजा होऊन गेला. त्याने या तिन्ही तालमींना जवळ केले, आणि ज्यांना कोणतीच तालीम मिळत नव्हती त्यांच्यासाठी दारे बांधली. त्या राजाचे नाव राजर्षी शाहू महाराज.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापूरजवळ कसबा बावडा येथे झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यात ते जन्मले. वडिलांचे नाव जयसिंगराव आणि आईचे नाव राधाबाई. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना आई वारली. पुढे कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, म्हणून १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेण्यात आले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, वडीलही गेले. विचार करा, वय अकरा वर्षांचे. डोक्यावर राज्याचे ओझे. आणि आई-वडील दोघेही नाहीत!

अशा मुलाचे शिक्षण कसे झाले? १८८५ ते १८८९ या काळात ते राजकोट येथील राजकुमार कॉलेजात शिकले. नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर हे त्यांचे शिक्षक झाले. इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार हे विषय तर होतेच. पण तेवढ्यावर शिक्षण संपत नव्हते. घोडेसवारी होती, शिकार होती, कुस्तीही होती. फ्रेझर त्यांना दूरच्या प्रवासाला घेऊन गेले. उत्तर हिंदुस्थान, दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोन म्हणजे आजची श्रीलंका, एवढा मुलूख या तरुण राजाने विद्यार्थी असतानाच पाहिला. आज तुमच्या शाळेची सहल निघते, तिचेच हे मोठे रूप समजा. पुस्तकात वाचलेली शहरे, नद्या आणि माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा त्यांना विसावे वर्ष चालू होते. तुमच्या शाळेतून दोन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाएवढेच त्यांचे वय! पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी कोल्हापुरात नवी व्यापारी पेठ वसवली. तीच आजची शाहूपुरी. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली होती. स्टेशनाजवळ पेठ असली की माल आणणे-नेणे सोपे. कोल्हापूरचा गूळ या पेठेतून दूरदूर जाऊ लागला. आजही तुम्ही रेल्वेने कोल्हापूरला उतरलात की पहिली गाठ पडते ती शाहूपुरीशीच.

व्यापार वाढला, पैसा आला. पण महाराज राज्यात हिंडू लागले तेव्हा त्यांना दुसरेच चित्र दिसले. खेड्यांतील बहुतेक मुले शाळेचे तोंडही पाहत नव्हती. जी थोडी मुले गावात शिकत, त्यांचे शिक्षण पुढे थांबे, कारण हायस्कूल शहरात होते. आता त्या काळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचा विचार करा. त्याचे गाव शहरापासून दहा-पंधरा कोस दूर. शहरात नात्याचे कोणी नाही. शाळेत नाव घातले, तरी संध्याकाळी शाळा सुटल्यावर तो जाणार कोठे? जेवणार कोठे? कोणाच्या दिव्याखाली बसून अभ्यास करणार? ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला मैदान काय, वाचनालय काय आणि नाटक काय, सारे सारखेच.

म्हणून महाराजांनी वसतिगृहे काढण्याचे ठरवले. आपण त्यांना बोर्डिंग म्हणतो. १८९६ मध्ये त्यांनी पहिले वसतिगृह सुरू केले. ते सर्व जातींच्या मुलांसाठी होते. दार सर्वांना उघडे होते. पण झाले काय? काही वर्षांत असे दिसून आले, की तेथे आधीपासून शिकत आलेल्या एकाच समाजाची मुले राहत आहेत. इतरांची मुले आत आलीच नाहीत, किंवा आली तरी टिकली नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबा. दार बंद केलेले नव्हते. कोणाला येऊ नको असे म्हटलेले नव्हते. तरीही मुले बाहेरच राहिली. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी शिकले नाही, त्याला उघडे दारसुद्धा परक्याचे वाटते. ही गोष्ट महाराजांच्या लक्षात आली. नुसते दार उघडून चालत नाही, बाहेर उभ्या असलेल्या मुलाला हात धरून आत आणावे लागते, हे त्यांनी ओळखले.

मग त्यांनी वेगळा मार्ग धरला. ज्या त्या समाजातील जाणत्या माणसांना त्यांनी पुढे आणले, जागा दिल्या, पैसा दिला आणि त्यांच्याच हाती वसतिगृहाचा कारभार सोपवला. आपल्या माणसांनी चालवलेले बोर्डिंग म्हटल्यावर खेड्यातील आई-बाप मुलाला पाठवायला तयार झाले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन मुलांचे वसतिगृह निघाले. पुढे लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले.

मुसलमान मुलांची गोष्ट तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा. कोल्हापूर संस्थानात मुसलमान समाज शिक्षणात फार मागे होता. या समाजातील कोणी पुढाकार घेईल म्हणून महाराजांनी वाट पाहिली. तसे झाले नाही, तेव्हा १९०६ मध्ये त्यांनी स्वतःच मुसलमान समाजातील प्रमुख मंडळींची सभा बोलावली. त्या सभेतून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. एक हिंदू राजा मुसलमान मुलांच्या शिक्षण संस्थेचा अध्यक्ष! कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही मुस्लिम बोर्डिंगची इमारत आहे. त्याच चौकाच्या परिसरात इतर समाजांची बोर्डिंगेही आहेत. चौकाच्या मध्यभागी महाराजांचा पुतळा आहे. जणू सगळी बोर्डिंगे त्यांच्या भोवती फेर धरून बसली आहेत.

जातवार वसतिगृहांमुळे भेद वाढतील असे तेव्हा काहींना वाटत होते. ही शंका अगदीच खोटी नव्हती. भाऊराव पाटील हे कुंभोज गावचे विद्यार्थी जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना अंघोळ करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. भाऊरावांनी ते नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा महाराजांनी त्यांना आपल्या वाड्यावर आसरा दिला. याच विद्यार्थ्याने पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. त्या वसतिगृहाला त्यांनी शाहू महाराजांचेच नाव दिले. तेथील मुले अभ्यास करत आणि शेतात कामही करत. महाराजही पुढचे पाऊल टाकतच होते. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

ही झाली पहिली तालीम. आता दुसऱ्या तालमीकडे वळू या.

महाराज स्वतः धिप्पाड होते आणि कुस्तीचे मोठे शौकीन होते. कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी चालत. महाराजांनी त्यांना आश्रय दिला. तालीम म्हणजे केवळ मारामारी शिकण्याची जागा नव्हे. पहाटे अंधारात उठायचे. हौद्यातील माती खोऱ्याने उकरून सारखी करायची. त्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर मिसळलेले असते, त्यामुळे ती मऊ राहते आणि अंगाला बाधत नाही. मग जोर, बैठका आणि शेवटी कुस्ती. तेथे शिकवणाऱ्या गुरूला वस्ताद म्हणतात. हा तुमचाच ‘उस्ताद’ शब्द! ‘कुस्ती’, ‘पैलवान’, ‘मैदान’ हे शब्दही फारसीतूनच मराठीत आले आहेत. जोडीदाराला पाडायचे, पण त्याला इजा होऊ द्यायची नाही. हरलो तरी हात मिळवूनच बाहेर पडायचे, हे मुलगा तालमीत शिकतो. हे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही.

१९०२ मध्ये महाराज इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोम शहरातील प्राचीन गोल क्रीडागृह पाहिले. असे मैदान आपल्या कोल्हापुरात असावे असे त्यांच्या मनात आले. त्यातून खासबाग मैदान तयार झाले. १९१२ मध्ये ते सुरू झाले. मधोमध कुस्तीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बसण्याची जागा. हजारो माणसे बसली तरी मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्याची अडचण होत नाही. राजाला जेवढे दिसते, तेवढेच शेवटच्या रांगेतील शेतकऱ्याला दिसते. उत्तरेकडील नामांकित मल्ल येथे येऊन लढले. जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष हाही या मैदानात उतरला होता.

मातीत उतरल्यावर जात विचारायची नाही, असे महाराजांचे धोरण होते. ज्यांना लोक अस्पृश्य म्हणत, त्या समाजांतील पैलवानांनाही त्यांनी जवळ केले. त्यांच्या जातीच्या नावाने त्यांना कोणी हिणवू नये, म्हणून जाट, सरदार, पंडित अशी मानाची नावे त्यांना दिली. गावात ज्याची सावली टाळत, त्याच्याशी मैदानात अंगाला अंग भिडवून लढावे लागे. मोठी व्याख्याने जे करू शकत नाहीत, ते कधीकधी खेळ करतो.

आता तिसरी तालीम, म्हणजे कलेची.

खासबाग मैदानाला लागूनच महाराजांनी एक मोठे नाट्यगृह बांधले. १९१५ मध्ये ते सुरू झाले. तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणत. एकीकडे कुस्तीचे मैदान आणि त्याला खेटून नाटकाचा रंगमंच! शरीर आणि कला या दोघींना महाराजांनी शेजारी शेजारी बसवले. पुढे या नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवराव हे कोल्हापूरचेच. गरिबीमुळे लहानपणीच ते नाटक कंपनीत गेले आणि आपल्या आवाजाने त्यांनी महाराष्ट्र जिंकला. १९२१ मध्ये ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. जळालेली वास्तू पाहून कोल्हापूरच्या कित्येक माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या घरातील माणूस जावे तसे त्यांना वाटले. नंतर ते पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.

गाण्याच्या बाबतीतही असेच झाले. उत्तरेकडील थोर गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांना महाराजांनी १८९५ मध्ये दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात ठेवून घेतले. एके काळी खाँसाहेबांचा आवाज बिघडला होता. दुसरा कोणी असता तर गाणे सोडून बसला असता. खाँसाहेबांनी रियाज सोडला नाही. बदललेल्या आवाजाला शोभेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. महाराजांच्या निधनापर्यंत ते कोल्हापुरात राहिले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या थोर गायिका त्यांच्या शिष्या होत्या. चित्रकलेत आबालाल रहिमान यांचे नाव असेच मोठे आहे. कोल्हापूरचा हा मुसलमान मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि परत येऊन कोल्हापूरची तळी, झाडे आणि निसर्ग रंगवत राहिला. त्यांनाही महाराजांचा आश्रय होता.

तुमच्यापैकी मुलींच्या मनात एक प्रश्न नक्की आला असेल. या सगळ्यात आम्ही कोठे आहोत? प्रश्न रास्त आहे. त्या काळच्या तालमी मुलांच्याच होत्या. मुलींना शाळाच दुर्मिळ होती, मग मैदान कोठून मिळणार? पण महाराजांच्या आयुष्यातील एक दुःखद प्रसंग येथे सांगितला पाहिजे. १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत अपघाताने मरण पावला. त्याची पत्नी इंदुमती तेव्हा तुमच्याहूनही लहान होती. त्या काळी विधवा मुलीने घराच्या कोपऱ्यात बसून आयुष्य काढावे अशी रीत होती. महाराजांनी ती मोडली. सोनतळी येथील आपल्या मुक्कामी त्यांनी इंदुमतींच्या शिक्षणाची सोय केली. ती एकटी पडू नये म्हणून बरोबर शिकायला इतर मुली ठेवल्या. घरातील लोकांचा विरोध त्यांनी मानला नाही. पुस्तकांबरोबर घोड्यावर बसण्याचे शिक्षणही तिला मिळाले. इंदुमती पुढे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या; पण ते पाहायला महाराज राहिले नव्हते. मोठेपणी इंदुमती राणीसाहेबांनी कोल्हापुरातील मुलींच्या शिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. वय पुरते अठ्ठेचाळीसही नव्हते. अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी धरण बांधायला घेतले, मागासलेल्या समाजांसाठी १९०२ मध्ये नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, पेठा वसवल्या, शाळा काढल्या. कानपूरच्या सभेत १९१९ मध्ये लोकांनी त्यांना राजर्षी ही पदवी दिली. २६ जून हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

महाराज गेले, पण त्यांनी रुजवलेली तालीम वाढत राहिली. त्यांनी वसवलेल्या पेठेतील शाहूपुरी तालमीत श्रीपती खंचनाळे नावाचा मल्ल घडला. तेथे हसनबापू तांबोळी यांच्यासारखे वस्ताद होते. मुसलमान वस्ताद आणि हिंदू शिष्य, मध्ये एकच लाल माती. याच खंचनाळे यांनी १९५९ मध्ये पहिला ‘हिंदकेसरी’ किताब जिंकला.

खाशाबा जाधव यांची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक हवी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. अंगाने ते लहानखुरे. कॉलेजच्या क्रीडा स्पर्धेत त्यांना भाग घेऊ देण्यास क्रीडाशिक्षक तयार नव्हते. खाशाबा गप्प बसले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा थोराड मल्लांना त्यांनी चीत केले. पुढे हेलसिंकी येथील ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्या दिवशी प्राचार्यांनी खाशाबांचे म्हणणे ऐकून घेतले नसते तर? एका कॉलेजच्या साध्या स्पर्धेचे दार बंद राहिले असते, आणि त्याबरोबर कितीतरी मोठे दार बंद झाले असते.

आता मुलीही मागे नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी शाळेतील एन.सी.सी.मध्ये पहिल्यांदा बंदूक हाती घेतली. त्याच शाळेत पूर्वी शिकलेल्या तेजस्विनी सावंत यांचे यश पाहून त्यांना हुरूप आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहींनी पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक मिळवले. ही सुरुवात शाळेच्या वर्गाबाहेरच झाली होती.

विद्यार्थी मित्रांनो, आता आपल्या शाळेकडे पाहा. तुमच्याही शाळेत काही ना काही चालत असेल. बज्मे अदब असेल, तिलाच मराठीत वाङ्मय मंडळ म्हणतात. बैतबाजी होत असेल. विज्ञान मंडळ, स्काउट-गाइड, चित्रकलेचा वर्ग, कबड्डीचा संघ, हस्तलिखित मासिक, यांपैकी काहीतरी असेलच. नसेल, तर पाच जणांनी मिळून गुरुजींकडे जा आणि सुरू करा. त्यासाठी राजवाडा लागत नाही. हस्तलिखिताला कागद आणि चांगले अक्षर पुरते. भित्तिपत्रकाला व्हरांड्यातील एक भिंत पुरते. मराठी वक्तृत्व स्पर्धेत उर्दू शाळेची मुले कमीच दिसतात. आपले उच्चार चुकतील, लोक हसतील, अशी भीती त्यांना वाटते. तालमीत पहिल्या दिवशी प्रत्येक जण पडतोच. पडल्याशिवाय डाव येत नाही. भाषेचेही तसेच आहे.

मात्र एक गोष्ट विसरू नका. संघात निवड झाली, मंडळ स्थापन झाले, की कोण कोण आले हे आपण मोजतो. शाहू महाराज कोण आले नाही हे पाहत असत. तुमच्या वर्गातही असा कोणी असेल. एखाद्याला शाळा सुटताच वडिलांच्या दुकानावर जावे लागत असेल. एखादीला घरी लहान भावंडांना सांभाळायचे असेल. एखाद्याकडे खेळाचे बूट नसतील. एखादा लाजून मागे बसत असेल. मंडळ सर्वांसाठी आहे एवढे म्हणून थांबू नका. वेळ बदलता येत असेल तर बदला. मधल्या सुट्टीत सराव ठेवा. बूट नसतील तर सगळेच अनवाणी खेळा. जो मागे बसला आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला बरोबर घेऊन या. त्यासाठी राजा असावे लागत नाही. हे काम तुम्हांला उद्याच्या मधल्या सुट्टीतसुद्धा करता येईल.

शब्दार्थ

संस्थान – रियासत. दत्तक घेणे – दुसऱ्याचे मूल आपले मूल म्हणून स्वीकारणे, गोद घेणे. वसतिगृह – बोर्डिंग, विद्यार्थ्यांची राहण्याची जागा. कोस – सुमारे दोन मैल अंतर. हौदा – कुस्तीची मातीची जागा. मल्ल – पैलवान. आश्रय – आधार, सहारा. धिप्पाड – उंच व भरदार शरीराचा. लहानखुरा – लहान बांध्याचा. थोराड – मोठ्या अंगाचा. गहाण ठेवणे – कर्जासाठी वस्तू तारण देणे. हुरूप – उत्साह. रास्त – योग्य.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शाहू महाराजांचे मूळ नाव काय होते?
(आ) शाहूपुरी ही पेठ केव्हा वसवण्यात आली?
(इ) मुस्लिम बोर्डिंगसाठी महाराजांनी सभा केव्हा बोलावली?
(ई) ‘वस्ताद’ हा शब्द कोणत्या शब्दावरून आला आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) १८९६ च्या वसतिगृहाचे दार सर्वांना उघडे असूनही सर्व समाजांची मुले तेथे का आली नाहीत?
(आ) खासबाग मैदानाची रचना कशी आहे?
(इ) भाऊराव पाटील यांना बोर्डिंग का सोडावे लागले?

३. कारणे द्या.
(अ) खेड्यातील मुलांचे शिक्षण पुढे थांबत असे.
(आ) महाराजांनी काही पैलवानांना मानाची नावे दिली.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
बोलणी खाणे, पुढाकार घेणे, चीत करणे, हात धरून आणणे.

५. ‘तालीम’ या शब्दाचे पाठात आलेले तीन अर्थ सांगा. उर्दू व मराठीत वापरले जाणारे असे आणखी पाच शब्द शोधा आणि दोन्ही भाषांतील त्यांचे अर्थ लिहा.

उपक्रम

तुमच्या वर्गातील जी मुले-मुली शाळेच्या कोणत्याच मंडळात किंवा खेळात भाग घेत नाहीत, त्यांच्याशी बोला. त्यांच्या अडचणी समजून घ्या. त्या दूर करण्यासाठी काय करता येईल यावर वर्गात चर्चा करा आणि दहा ओळी मराठीत लिहा.